खाडीचं अन्नजाळं कसं अभ्यासावं : आधी मीठ, मग चिखल, मग प्राणी

खाडीवर अभ्यासाला गेलेल्या माणसाची नजर आधी पक्ष्यांवर जाते, मग माशांवर. ते दिसतात आणि ओळखताही येतात. पण खाडीतल्या अन्नाचा मोठा भाग तयार होतो तो पायाखालच्या चिखलावर आणि काठाच्या कुजणाऱ्या पाल्यात. त्या चिखलात कोण टिकणार हे ठरवतं पाण्यातलं मीठ. म्हणून या लेखात क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे: मीठ मोजायचं, चिखल पाहायचा, पाल्याचं काय होतं ते तपासायचं, प्राणी मोजायचे आणि शेवटी कोण कोणाला खातं ते जुळवायचं. पक्ष्यांपासून सुरुवात केली तर हाती फक्त एक यादी येते. ते पक्षी त्याच जागी का जमतात, हे त्या यादीतून कळत नाही.

विद्यार्थी, शिक्षक, निसर्ग मंडळं किंवा एकट्याने नोंदी ठेवणारे हौशी अभ्यासक, कोणालाही हे काम साध्या साहित्यावर करता येतं. वर्षभर चिकाटीने नोंदी ठेवायची तयारी मात्र हवी.

वेळ, जागा आणि सुरक्षितता

पहिलं साधन म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोनदा भरती येते आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. त्यामुळे रोजची वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि तेव्हा ओहोटीला पाणी सर्वांत खाली उतरतं, म्हणून चिखलाचे नमुने त्या दिवसांत घ्यावेत. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत चिखलाचा खालचा पट्टा उघडाच पडत नाही. वेळापत्रकातली वेळ बहुधा बंदराची असते हेही ध्यानात ठेवा. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती आणि ओहोटी उशिरा पोहोचते. किती उशिरा, हे एक खूण केलेली काठी रोवून स्वतःच मोजून घ्या.

चिखलावर उतरायचं ते पाणी ओसरत असताना, आणि पाणी वळायच्या आत परतीला लागायचं. एकट्याने जाऊ नका, किनाऱ्यावर कोणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवा. पाय खोल रुतला तर ओढाताण करू नका. मागे रेलून वजन पसरवा आणि एकेक पाय हळूहळू हलवत मोकळा करा. क्षेत्र संरक्षित असेल तर परवानगी आधीच काढा. काही ठिकाणी साधा चिखल उचलायलाही ती लागते.

अभ्यासाची ठिकाणं मुखापासून आत गोड्या पाण्यापर्यंत निवडायची, किमान चार-पाच. प्रत्येक ठिकाणी काठाची झाडी किंवा खारगवत, वरचा चिखल, खालचा चिखल आणि वाहतं पाणी असे चार पट्टे धरा. एकाच सोयीच्या ठिकाणी पन्नास नमुने घेण्यापेक्षा पाच ठिकाणी दहा-दहा घेतलेले मला केव्हाही जास्त मोलाचे वाटतात, कारण खाडीत बदल होतो तो लांबीच्या दिशेने.

मीठ मोजणं

हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारांचं प्रमाण दाखवणारं साधन, पुरतो. प्रत्येक फेरीआधी ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवून घ्या. उघड्या समुद्राच्या पाण्यात दर किलोला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. १९५८ साली व्हेनिसच्या परिषदेत ठरलेली वर्गवारी आजही वापरतात. याच मापात ०.५ पेक्षा कमी म्हणजे गोडं, ०.५ ते ५ किंचित मचूळ, ५ ते १८ मध्यम मचूळ, १८ ते ३० बरंचसं खारं आणि त्यापुढे समुद्राचं.

मोजमाप कधी आणि किती खोलीवर केलं, याला आकड्याइतकंच महत्त्व आहे. खारं पाणी जड असल्याने ते तळाशी पाचरीसारखं आत शिरतं आणि नदीचं गोडं पाणी त्याच्यावरून वाहतं. वर ४ आणि तळाला २२ अशी नोंद एकाच जागी, एकाच वेळी मिळू शकते. तळाचं पाणी काढायला बाटलीला वजन बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, बाटली तळाशी गेल्यावर बूच ओढा. भरती पूर्ण भरल्यावर आणि ओहोटी पूर्ण झाल्यावर, दोन्ही वेळा वरचं आणि तळाचं, असे दर ठिकाणी चार आकडे हवेत.

पाचवा आकडा बहुतेक जण घेत नाहीत आणि माझ्या मते तोच सर्वांत उपयोगाचा आहे: चिखलाच्या आतल्या पाण्याचा. वीतभर खोल खड्डा करा, कडेने पाणी झिरपू द्या आणि ते मोजा. वरून वाहणारं पाणी दिवसातून दोनदा बदलत असलं तरी चिखलातलं पाणी सावकाश बदलतं. म्हणून चिखलात पुरून राहणारा किडा वरच्या पाण्यातला असा बदल निभावून नेतो, जो पाण्यात पोहणाऱ्याला सोसत नाही. शिंपले कवच मिटून वाईट तास काढतात. खेकडे कल्ल्यांमधून क्षार आत-बाहेर करत शरीरातलं प्रमाण राखतात आणि त्यासाठी ऊर्जा खर्चतात. या खर्चाची तयारी असलेल्या जाती मोजक्याच असतात.

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ आडोल्फ रेमाने यांनी १९३४ साली बाल्टिक समुद्राच्या अभ्यासावरून दाखवलं की तळाशी राहणाऱ्या प्राण्यांच्या जाती ५ ते ८ क्षारतेच्या आसपास सर्वांत कमी असतात. गोड्या पाण्यातल्या जाती तिथवर पोहोचत नाहीत आणि समुद्रातल्या मागेच थांबतात. हा आकडा आपल्या खाडीला जसाच्या तसा लावू नका. बाल्टिकमध्ये भरती-ओहोटी जवळजवळ नाही, त्यामुळे तिथली क्षारता बरीच स्थिर आहे. शिवाय पुढच्या संशोधनात तिथल्या प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, बाबतीत उलट चित्र दिसलं: त्याच पट्ट्यात त्यांच्या जाती भरपूर आढळल्या. तेव्हा तुमच्या आलेखात मधल्या भागात जाती कमी दिसल्या तर तो लगेच प्रदूषणाचा पुरावा समजू नका. आधी मिठाची सरासरी नव्हे, तर दिवसातला चढउतार पाहा.

चिखल जवळून पाहणं

ओहोटीनंतर तासाभरात, चांगल्या उजेडात, उघड्या चिखलाकडे वाकून पाहा. काही जागी पृष्ठभागावर सोनेरी-तपकिरी चकाकी येते. ती डायटम नावाच्या एकपेशीय शैवालाची साय असते. पाणी ओसरलं आणि ऊन पडलं की हे डायटम चिखलाच्या कणांमधून वर सरकतात, भरती यायच्या सुमारास पुन्हा खाली जातात. सरकताना ते चिकट द्रव सोडतात. त्याने चिखलाचे कण बांधले जातात आणि लाटांनी तो सहज धुपत नाही.

हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. भिंग पुसायचा पातळ कागद ओल्या चिखलावर अलगद पसरा, कडा दाबा आणि उजेडात अर्धा-पाऊण तास ठेवा. डायटम त्या कागदात चढतात. कागद चिमट्याने उचलून थोड्या खाडीच्याच पाण्यात हलवा आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरा. होडीच्या आकाराच्या, तपकिरी ठिपक्यांच्या पेशी काचेवर सरळ रेषेत घसरताना दिसतात. पाने, गवत किंवा प्लवक यांच्याकडेच अन्नाचा पाया म्हणून पाहणाऱ्याचं मत इथे बदलतं.

मग फावड्याने चिखलाचा वीतभर खोल चौकोनी तुकडा कापून बाजूने पाहा. वर तपकिरी थर आणि खाली काळा. तपकिरी थरात ऑक्सिजन पोहोचतो. काळ्या थरातले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटचा वापर करून सेंद्रिय पदार्थ कुजवतात. त्यातून सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि लोहाच्या सल्फाइडने चिखल काळा पडतो. सीमा किती मिलिमीटरवर आहे ते पट्टीने मोजून लिहा. खेकड्यांच्या आणि कृमींच्या बिळांभोवती तपकिरी रंग काळ्या थरात खोलवर उतरलेला दिसेल, कारण बिळातून पाणी खेळवताना ते ऑक्सिजनही खाली नेतात. सडका वास म्हणजे घाणच असं नाही. निरोगी खाडीतही तो असतो. सीमा वर वर सरकत जाणं आणि बिळं नाहीशी होणं ही काळजीची खूण आहे.

कणांचा आकारही पाहा. उंच बरणीत चिखल आणि पाणी ढवळून ठेवलं तर वाळू मिनिटाभरात बसते, गाळ तासांनी, चिकणमाती त्याहून उशिरा. गोडं पाणी खाऱ्याला भेटतं तिथे चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून पुंजके होतात आणि पाणी सर्वांत गढूळ दिसतं. तिथे उजेड आत जात नाही, म्हणून वनस्पती प्लवक कमी वाढतात, पण पुंजक्यांवर जगणारे जिवाणू आणि त्यांना खाणारे कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी प्राणी मुबलक असू शकतात. काळी-पांढरी तबकडी दोरीने सोडून ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवा.

पाला कुजताना

काठाच्या वनस्पतीची ताजी गळलेली पानं गोळा करा, वाळवा, दर पिशवीत १० ग्रॅम भरा. पिशव्या दोन प्रकारच्या घ्या: एकीची जाळी अगदी बारीक, दुसरीची खेकडा-गोगलगाय आत शिरेल इतकी मोठी. चिखलाच्या पातळीवर खुंटीला बांधून ठेवा. दोन, चार आणि आठ आठवड्यांनी दोन्ही प्रकारच्या काही पिशव्या काढून, धुऊन, वाळवून वजन करा. दोन्हींतला फरक म्हणजे मोठ्या प्राण्यांचा वाटा आणि बारीक जाळीतली घट म्हणजे जिवाणू, बुरशी आणि विरघळून गेलेला भाग.

कुजताना पान हलकं होत जातं, पण उरलेल्या तुकड्यातलं नायट्रोजनचं प्रमाण वाढतं, कारण त्यावर सूक्ष्मजीव वसतात. ताज्या पानाकडे न फिरकणारे अनेक छोटे प्राणी त्या काळसर तुकड्यांवर तुटून पडतात. फ्लोरिडातल्या नॉर्थ रिव्हर खाडीत विल्यम ओडम आणि एरिक हील्ड यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीला प्राण्यांच्या पोटातलं अन्न तपासून कांदळवनाचा पाला माशांपर्यंत कसा पोहोचतो ते मांडलं. त्या कामाने जगभर कांदळवनांकडे बघण्याची दृष्टी बदलली. पुढे समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या, अभ्यासांतून मात्र अनेक ठिकाणी दिसलं की पोटात पाल्याचे तुकडे असले तरी शरीर घडवणारा कार्बन बऱ्याच अंशी शैवालाचा असतो. गिळलेलं सगळंच पचतं असं नाही. म्हणून पाला आणि शैवाल हे दोन्ही पाये अन्नजाळ्याच्या नकाशात वेगळे दाखवा.

प्राण्यांची मोजदाद

१० सेंटिमीटर व्यासाची नळी १५ ते २० सेंटिमीटर खोल दाबून चिखल काढा आणि ०.५ मिलिमीटरच्या चाळणीवर खाडीच्याच पाण्याने हळू धुवा. जोराच्या धारेने कृमींचे तुकडे होतात. मोजताना डोकी मोजा, शेपट्या सोडून द्या. या नळीचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, म्हणून एका नळीतल्या संख्येला १२७ ने गुणलं की दर चौरस मीटरचा अंदाज येतो. पाच नळ्यांत मिळून ६० कृमी असतील तर सरासरी १२, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १,५००. मोजून झालेले प्राणी त्याच जागी सोडा आणि खड्डा बुजवा.

जातींची संख्या एकटी फसवते. समजा दोन ठिकाणी प्रत्येकी ५ जातींचे २०० प्राणी मिळाले. एका ठिकाणी प्रत्येक जातीचे ४०, दुसरीकडे एकाच जातीचे १८० आणि बाकी चारांचे पाच-पाच. जाती किती आणि त्यांच्यात प्राणी किती समान वाटले गेलेत हे दोन्ही धरणारा शॅनन निर्देशांक काढला तर पहिल्याचा १.६१ येतो, दुसऱ्याचा ०.४६. मध्यम मचूळ पट्ट्यात दुसऱ्यासारखं चित्र वारंवार दिसतं आणि ते कमी दर्जाचं मानू नये. कॅनडाच्या फंडी उपसागरात उन्हाळ्याअखेरीस छोट्या तुतवारांचे प्रचंड थवे उतरतात, मुख्यतः कोरोफियम नावाच्या एका अँफिपॉडवर (कोळंबीसारख्या छोट्या प्राण्यावर) चरून वजन जवळजवळ दुप्पट करतात आणि समुद्रावरून थेट दक्षिण अमेरिकेकडे उडतात. तिथे चिखलातली एक जात लाखो पक्ष्यांचा प्रवास तोलून धरते.

पोहणाऱ्या प्राण्यांसाठी बारीक जाळ्याचा फेरा काठाने ठरावीक अंतर ओढा, प्लवकांसाठी शंकूच्या आकाराची जाळी वापरा. खेकड्यांची बिळं चौकटीत मोजा. पक्षी मोजताना नुसती संख्या लिहू नका. कोणता पक्षी कोणत्या पट्ट्यात, चोच किती खोल घालतो आणि मिनिटाला किती वेळा गिळतो हे लिहा.

कोण कोणाला खातं

एक मोठा तक्ता करा. आडव्या ओळींत खाद्य, उभ्या रकान्यांत खाणारे. प्रत्येक चौकटीत बाण आहे की नाही एवढंच न लिहिता पुरावा कोणत्या प्रतीचा आहे तेही लिहा: प्रत्यक्ष पाहिलं, खुणा सापडल्या, पोटात किंवा विष्ठेत मिळालं, की फक्त वाचलं. वाचलेले बाण वेगळ्या रंगात ठेवा. खुणा पुष्कळ सांगतात. शिंपल्याला गोल नीटस भोक असेल तर मांसाहारी गोगलगायीने पोखरलं, कडा तुटलेल्या असतील तर बहुधा खेकड्याने. मेलेला मासा मिळाला तर पोट उघडून पाहा. बोय माशाच्या पोटात बारीक वाळू, डायटम आणि कुजका गाळ भरलेला असतो आणि त्याच्या जठराचा एक भाग जाड स्नायूंचा असतो. तो पायावरचंच अन्न खातो, म्हणून डायटमपासून बोय आणि बोयपासून मोठा शिकारी मासा अशी साखळी फार आखूड होते. दर पायरीला सरासरी दहावा भागच ऊर्जा वर जाते, हे धरलं तर आखूड साखळीत वर किती जास्त उरतं ते लगेच कळेल.

डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचाही अर्थ चुकू शकतो. चिखलावर चोच आपटणारा तुतवार किडे टिपतोय असंच आपण धरतो. वेस्टर्न सँडपायपर या छोट्या तुतवाराबद्दल २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं की त्याच्या आहारात सुमारे निम्मा वाटा चिखलावरच्या त्या डायटमच्या सायीचाच असतो. जिभेवरच्या बारीक काट्यांनी तो ती चाटून घेतो.

एखाद्या प्रयोगशाळेची साथ मिळाली तर समस्थानिक तपासून घ्या. कार्बनचा आकडा अन्न कुठून आलं ते सांगतो: कांदळवनाच्या पानांत तो उणे २८ च्या आसपास, तर काही खारगवतांत उणे १३ च्या. नायट्रोजनचा आकडा दर पायरीला सरासरी ३.४ ने चढतो. शाकाहारी गोगलगायीचा ६ आणि एखाद्या माशाचा १२.८ आला, तर मासा तिच्या दोन पायऱ्या वर आहे.

परजीवी वगळू नका. कॅलिफोर्नियातल्या कार्पिंटेरिया खारजमिनीतला एक पर्णकृमी आधी गोगलगायीत वाढतो, मग किलिफिशच्या मेंदूवर जाऊन बसतो, आणि शेवटी त्याला पक्ष्याच्या आतड्यात पोहोचायचं असतं. ग्रासलेला मासा पृष्ठभागाजवळ येऊन झटके देतो, अंग चमकवतो. असा मासा पक्ष्याच्या तोंडी पडण्याची शक्यता १० ते ३० पट वाढल्याचं प्रयोगांत दिसलं. २००६ साली अशा काही अन्नजाळ्यांत परजीवी धरून पुन्हा मोजणी झाली, तेव्हा सरासरी ७५ टक्के दुव्यांत कोणता तरी परजीवी होता. तुम्हाला सगळे सापडणार नाहीत, पण गोगलगायी बशीत उजेडाखाली ठेवून त्यांतून बाहेर पडणाऱ्या अळ्या पाहणं कोणालाही जमतं.

जाळ्याला प्रश्न विचारणं

दुव्यांची संख्या भागिले जातींच्या संख्येचा वर्ग, ही जोडणीची साधी मोजपट्टी. २० जाती आणि ४८ दुवे असतील तर ०.१२. मात्र ज्या जाळ्यात वरच्या प्राण्यांची नावं जातीपर्यंत आणि खालचे सगळे ‘कृमी’ म्हणून एकाच खान्यात असतात, त्याचा हा आकडा दुसऱ्या जाळ्याशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

त्यापेक्षा एकेक जात पुसून काय होईल ते लिहून काढा. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर ब्रायन सिलिमन आणि मार्क बर्टनेस यांनी २००२ साली दाखवलं की निळे खेकडे आणि इतर शिकारी दूर ठेवले तर गोगलगायी इतक्या वाढतात की दाट खारगवताचा आठ महिन्यांत उघडा चिखल होतो. त्या गोगलगायी पानं खरवडतात आणि जखमांवर वाढणारी बुरशी खातात. म्हणजे गवत वाचवायचं तर खेकड्यांकडेही लक्ष द्यावं लागतं.

जात वाढवूनही पाहा. सॅन फ्रान्सिस्को उपसागरात १९८६ साली आशियातली एक छोटी शिंपली आढळली, बहुधा जहाजांचा तोल राखायला भरलेल्या पाण्यातून आलेली. ती पाणी गाळून खाते. काही वर्षांत उत्तर भागातले वनस्पती प्लवक झपाट्याने घटले, त्यांच्यावर जगणारे कोपेपॉडही घटले. याउलट चेसापीक उपसागरातून गाळणारेच गेले: रॉजर न्यूवेल यांनी १९८८ साली मांडलेल्या अंदाजाप्रमाणे १८७० पूर्वीची कालवं तिथलं पाणी आठवड्याच्या आत गाळून काढू शकत होती, उरलेल्यांना त्यासाठी जवळजवळ वर्ष लागलं असतं. तुमच्या तक्त्यात गाळून खाणारे किती आणि कुठे आहेत, याची वेगळी खूण करून ठेवा.

नोंदी कशा ठेवायच्या

प्रत्येक फेरीच्या पानावर तारीख, तिथी, भरती-ओहोटीची वेळ, पाचही क्षारता, काळ्या थराची खोली आणि गेल्या आठवड्यातला पाऊस आधी लिहा, प्राणी नंतर. पुरानंतर लगेच एक जादा फेरी करा, कारण गोडं पाणी मुखापर्यंत गेल्यावर कोण मेलं, कोण खोल गेलं आणि कोण आधी परतलं हे तेव्हाच कळतं. वर्षात किमान चार ऋतूंच्या फेऱ्या झाल्याशिवाय जाळं पूर्ण झालं असं समजू नका. स्थलांतरी पक्षी आणि माशांची पिल्लं यांचे महिने ठरलेले असतात. पक्ष्यांच्या नोंदी ईबर्डवर आणि इतर जीवांचे फोटो आयनॅचरलिस्टवर टाका, आणि टिपणाच्या जागी त्या क्षणाची क्षारता आणि पट्टा आवर्जून लिहा. फोटोतला खेकडा ओळखणारे अनेक जण भेटतील. तो किती खाऱ्या पाण्यात, कोणत्या पट्ट्यात होता, हे मात्र तिथे उभा असलेलाच लिहू शकतो.